हरवलेल्याने उभे राहावे

३ मार्च, मंगळवार

शाळेतून बोलावणं! मुलीच्या बाईंनी समोर बसवलं, तेही बालवर्गाच्या खुर्चीवर. गुडघे हनुवटीला टेकले. या आसनात बसलेल्या माणसाची बाजू आपोआपच लंगडी पडते.

बाई म्हणाल्या, "अक्षरं येतात. आकडे येतात. चित्रांचं तर विचारूच नका. पण आवाज? वर्ष संपत आलं, आम्ही तिचा आवाज ऐकलेला नाही."

मी म्हटलं, आमच्या घरी या, हवा तेवढा ऐका.

हसल्या नाहीत. सोळा तारखेला, सोमवारी, मोठ्या बाई एकेका मुलाला आत बोलावणार. तीन साधे प्रश्न. उत्तरं आली तर पहिलीत. नाही आली तर बालवर्गात आणखी एक वर्ष — "तिच्याच भल्यासाठी."

तिच्याच भल्यासाठी! सगळ्या मैत्रिणी वरच्या वर्गात, आणि ही इथेच, याच वीतभर खुर्चीवर.

घरी पोचतो तो बाईसाहेब दारातच. (वय वर्षं सहा. घरातले सर्व निकाल त्याच देतात, म्हणून हे नाव.) "बाईंच्या टेबलावरचा निळा हत्ती बघितलात? त्याची सोंड मी चिकटवली. मागच्या बाजूला. कुणाला कळलंच नाही!" जेवायला बसेपर्यंत त्या हत्तीचं समग्र चरित्र झालं. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की याच तोंडाला कुलूप.

आणि मी कोण? वीस वर्षं दैनिकाचा बातमीदार. परक्या माणसांना बोलतं करण्याचा पगार घेतो.

४ मार्च, बुधवार

सकाळी सात ते साडेसात — दुधावरच्या सायीला घरात प्रवेशबंदी का असावी, या विषयावर बाईसाहेबांचं अखंड भाषण. पावणेआठला शाळेचं फाटक. मौन.

६ मार्च, शुक्रवार

मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केलेल्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. बाईसाहेब जमिनीवर बसून ठोकळे रचत होत्या. धाकटा भोंगा (वय चार, फक्त झोपेत बंद असतो) बहिणीच्या वतीने निवेदन करत होता. "ताईला पाणी हवंय. ताईला लाल ठोकळा हवाय. ताईला तुमचं घड्याळ आवडलं नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतका चांगला वकील मिळाल्यावर अशील कशाला बोलेल?"

मी वही उघडून, पेन सरसावून बसलेलो. उपाय सांगा!

"लिहून घेण्यासारखं काही नाही हो. आग्रह नको. बक्षीस नको. बोलली तर टाळ्याही नकोत. एखाद्या दिवशी तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि ते सांगायला दुसरं कुणीच नसेल. त्या दिवशी बोलेल."

"तो दिवस आणायचा कसा?"

"तुम्ही नका आणू," म्हणाल्या. माझ्याकडे बघून. फारच लवकर ओळखलं मला.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, इथे लिहितो. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मी हिच्याकडून 'माझं नाव अमुक' घोटून घेतलं होतं. पंचवीस वेळा, उच्चार सुधारून सुधारून. आमच्या संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी असंच शिकवलं — संथा घ्या, घोका, पुन्हा म्हणा. शब्द चालवताना एक मात्रा चुकली की पहिल्यापासून! मला त्याचं काही वाटलं नाही. हिला वाटलं. पंचविसाव्या खेपेला गप्प झाली. शाळेत गेली ती गप्पच गेली.

डॉक्टरबाईंसमोर माझी बायको तासभर हनुवटीला हात लावून ऐकत होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसांना विचारते, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" आणि थांबते. उत्तर येईपर्यंत थांबते. तिची स्वतःची नजर अशी की दोन थांबे अलीकडून बसवरचा आकडा वाचते. मला चष्मा काढल्यावर बस आहे की इमारत, तेही हलल्याशिवाय कळत नाही.

८ मार्च, रविवार

दोन वर्षं पुढे ढकललेलं थीम पार्क — ठरलं! येता शनिवार. बायको म्हणाली, "परीक्षेच्या आधी डोक्यातून परीक्षा जायला हवी. तिच्या नाही. तुझ्या."

९ मार्च, सोमवार

संपादकांकडे रजा मागितली.

"शनिवारी? कोण गेलं?"

"सगळेच जाणार आहोत. चौघं. थीम पार्कला."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही? पाळण्यात?"

रजा मंजूर. खात्यात हसू पसरलं ते संध्याकाळपर्यंत ओसरलं नाही.

१० मार्च, मंगळवार

योजना लिहून काढली. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, जादा कपडे, भोंग्याचे दोन जोड जादा. आणि गर्दीत कुणी हरवलं तर? त्यासाठी सूत्र रचलं, जुन्या पद्धतीनं, कमीत कमी अक्षरांत — नष्टः तिष्ठेत्. हरवलेल्याने उभे राहावे. एकदा माणूस शोधायला हलला की दोघेही एकमेकांभोवती फिरत राहतात.

बायको म्हणाली, "नष्ट म्हणजे मेलेला ना? मेलेला उभा कसा राहील?"

शांतं पापम्! संस्कृतात नष्ट म्हणजे दिसेनासा झालेला, असं भाष्य करायला घेतलं, पण ती कपड्यांच्या घड्या करायला निघून गेली.

बाईसाहेबांनी मात्र कलमाची छाननी केली. "आणि तुम्ही हरवलात तर?"

"मी कसा हरवेन?"

"पण हरवलात तर?"

"तर मी उभा राहीन."

"कितीही वेळ?"

"कितीही वेळ. वचन."

रंगीत खडूनं माझं सूत्र मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवलं. खाली माझी सही घेतली!

१२ मार्च, गुरुवार

रक्ताचा अहवाल आला. साखर वाढलेली. बायको म्हणाली, गोड बंद, आजपासून. मी म्हटलं, शनिवारनंतर. ती म्हणाली, आजपासून.

१५ मार्च, रविवार

जिंकलो!! बातमीत निकाल आधी, म्हणून आधी लिहिला. आता क्रमवार.

काल सकाळी आठला प्रस्थान. भोंग्याचं "आलं का?" गल्लीच्या टोकापासून सुरू. पार्कच्या फाटकावर चौघांच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या. आत सगळं त्या पट्टीवर मिळतं, पाकीट काढायला नको. पट्टीवालीनं बाईसाहेबांना विचारलं, "नाव काय गं तुझं?" नाव भोंग्यानं सांगितलं. वय, शाळा आणि कुठला दात पडला, तेही.

सकाळ झकास गेली. फिरत्या कपबशांत बसलो — मी थांबलो, पोट आणखी तीन फेऱ्या फिरून आलं. भोंग्यानं छोट्या आगगाडीच्या चालकाला वळणं कशी घ्यावीत ते सांगितलं. मग सुरवंटाच्या आकाराची, मुलांसाठीची रोलर कोस्टर. बाईसाहेब पहिल्या डब्यात, मी शेजारी. उतारावर झाडून सगळी मुलं किंचाळली. (मीसुद्धा. नोंद असावी.) ती नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र दिवाणखान्यातल्या दिव्यांसारखे! उतरल्यावर माझ्या कानाला लागून म्हणाली, "पुन्हा." असं पाच वेळा पुन्हा. सुरवंटवाला म्हणाला, "मुलगी मोठी धीराची हो. एकदा पण ओरडली नाही." मी हो म्हटलं. काय सांगणार त्याला?

जेवण झाल्यावर बायको मोठ्या रोलर कोस्टरवर गेली. एकटी. शाळेत असल्यापासून जायचं होतं म्हणे, मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. वरून पन्नास माणसं ओरडत होती, त्यात तिचा आवाज वेगळा काढता येत होता. बरंच साठलेलं असावं! खाली आली तेव्हा केस उभे, गाल लाल, आवाज घोगरा. "घसा बसला वाटतं," म्हणाली. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली आहे.

मग माझी पाळी. धबधब्यावरून होडी खाली कोसळते, तो प्रकार. "जा, शास्त्रीबुवा. आयुष्यात एकदा तरी भिजून ये." फोन आणि चष्मा लॉकरमध्ये ठेवा, अशी पाटी होती. ठेवले. होडी चढली, थांबली, मला ब्रह्मांड आठवलं, आणि होडी पडली. बाहेर आलो तो नखशिखान्त ओला आणि नको इतका आनंदी.

पण बाहेर पडायची वाट आत जायच्या वाटेला नव्हती! भलत्याच बाजूला निघालो. समोर तळं, तळ्यापलीकडे रंगांचे ठिपके. ठिपक्यांत माझे तीन कुठले? लॉकर कुठला? जवळ एक प्लास्टरचा जिराफ तेवढा ओळखू आला, तोही मान उंच म्हणून.

जिराफापाशी उभा राहिलो. नष्टः तिष्ठेत्.

कुणालाही विचारता आलं असतं. विचारणं हा तर माझा धंदा! पण फ्रीजवर सही होती. हलायचं नाही म्हटलं म्हणजे नाही.

सूत्रात एक भोक होतं, ते उभं राहिल्यावर पंधराव्या मिनिटाला सापडलं. हरवलेला नेमका कोण, हे सांगायचं राहून गेलं होतं! मी त्यांना हरवलो तसे ते मला हरवले. मी इथे उभा, तर तेही नियमानं तिथे उभे. तळ्याच्या दोन काठांवर दोन खांब, आणि पार्क बंद होईपर्यंत दोघंही नियमाला धरून! पाठशाळेत अशा सूत्रकाराला गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. इथे मी स्वतःच उभा होतो.

चाळीस मिनिटं. आजूबाजूला फुगेवाला, आइस्क्रीमची गाडी, जिराफाबरोबर फोटो काढून देणारा एक गृहस्थ. त्या वेळात मी काय केलं, त्याची नोंद या वहीतही करणार नाही.

मग खांबावरचा कर्णा खरखरला. "एक सूचना. कृपया लक्ष द्या. एक—" पुढे काही नाही. नुसता श्वास. कुणाचा तरी छोटा श्वास.

"बाबा."

तो आवाज मी चार भिंतींबाहेर असा मोठ्यानं कधी ऐकलेला नाही.

"बाबा, तुम्ही हरवला आहात. आम्ही नाही हरवलो. मी आईला सांगितलं, तुम्ही हलणार नाही. सही केलीय. म्हणून आम्हीच येतो. कुठे आहात?" मग माइकपासून दूर तोंड करून, पण साऱ्या पार्कला ऐकू जाईल असं — "ते कसं सांगणार? त्यांच्याकडे माइक कुठेय?" पुन्हा जवळून, "लोकहो! माझे बाबा बुटके आहेत. ओले आहेत. चष्मा नाही. पोट पुढे आहे. ते ज्यांच्याजवळ असतील त्यांनी इथे सांगायला या. आणि त्यांना हलू देऊ नका!"

लोकहो! हे कुठून आलं? जाहीर सभांच्या माझ्याच बातम्या वाचून दाखवताना गेलं असेल कानावर.

आसपासच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. वर्णन बिनचूक असल्याचं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत असावं. मला चेहरे दिसत नव्हते. फोटोवाल्यानं माझा दंडच धरला. "साहेब, हलायचं नाही. बाईसाहेबांचा हुकूम आहे." हे नाव त्याला कुणी सांगितलं? कुणी नाही! नुसत्या आवाजावरून ओळखलं त्यानं. दोन माणसं वर्दी द्यायला पळाली. मी मोकळा होता तो हात उंच केला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी नखशिखान्त ओला असल्यामुळे फावलं.

आले! पुढे बाईसाहेब, आईचा हात ओढत. आईच्या खांद्यावर भोंगा, गाढ झोपलेला.

"हलला नाहीत ना?"

"नाही."

"शहाणे."

मी तोंड उघडणार तोच बायकोनं पायावर पाय दिला आणि डोळे वटारले. डॉक्टरबाईंचं म्हणणं — टाळ्या नकोत. मी टाळ्या गिळल्या. एवढा मोठा घास आयुष्यात गिळला नसेल.

चौकशीच्या खिडकीतल्या मिशीवाल्या गृहस्थाचे आभार मानायला गेलो, तेव्हा आतली हकिगत कळली. "ताई नुसत्या खुणा करत होत्या, गळ्याला हात लावून. आवाजच फुटेना! सकाळी रोलर कोस्टरवर गेला म्हणे. मी म्हटलं, बाळ, तू सांग, कुणाला शोधायचंय? तिनं आईकडं बघितलं. आईनं हात पसरले. मग भावाकडं बघितलं. एकदा गदागदा हलवलं पण त्याला! तो घोरतोय. मी सूचना सुरू केली, तर पुढं काय बोलू? मला नाव ना वर्णन. तेवढ्यात तिनं माझी बाही ओढली. म्हणाली, माइक इकडे द्या."

माइक इकडे द्या! याहून सुंदर वाक्य मी वीस वर्षांत छापलेलं नाही.

भोंगा गाडीत जागा झाला. "काय झालं?"

मी हळूच म्हटलं, "ताई बोलली. सगळ्यांसमोर."

"मग? ताई रोजच बोलते," म्हणाला आणि पुन्हा झोपला.

बायकोचा घसा घरी पोचेपर्यंत पार सुटला. ओल्या चपला आत आणल्याबद्दल माझा जो उद्धार झाला, त्यातलं अक्षर न अक्षर शेजारी ऐकू गेलं असेल. रोलर कोस्टरनं नेलेला आवाज इतक्या लवकर परत येतो, हे माहीत नव्हतं.

आज दिवसभर बाईसाहेबांनी पार्कचं चित्र काढलं. तळं, जिराफ, जिराफाखाली एक गोल. गोलाला पाय. मी.

उद्या सोमवार. काही घोटून घेतलं नाही. एक शब्दही नाही! वहीवर हात ठेवून सांगतो.

१६ मार्च, सोमवार

पहिलीत!!

बाईंनी फाटकाशी गाठून सांगितलं, अजून हसत होत्या. मोठ्या बाईंनी नाव विचारलं. बराच वेळ काही नाही. मोठ्या बाई थांबल्या — देव त्यांचं भलं करो. मग नाव आलं. हळू, पण आलं. वय आलं. तिसरा प्रश्न: "बाबा काय करतात?"

"हरवतात," बाईसाहेब म्हणाल्या. "मग उभे राहतात."

संपादकांना सांगितलं. म्हणाले, "मथळा तयार आहे."

१८ मार्च, बुधवार

कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी अजून नाही बोलली. त्यानं विचारलं, भोंग्यानं उत्तर दिलं. वर्गात रोज दोन-तीन वाक्यं, एवढंच. चालेल. घाई नाही. थांबायला शिकतोय.

२२ मार्च, रविवार

मुलं अंगणात. बायको माझा चष्मा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या महिन्यात साखर पुन्हा तपासायची आहे. तेव्हा त्या दोन आइस्क्रीमचंही डॉक्टरांना सांग."

"कुठली आइस्क्रीम?"

"जिराफाजवळची. पहिलं पांढरं. दुसरं गुलाबी, ते तू कर्णा वाजल्यावर पाठीमागे लपवलंस."

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. या वहीलासुद्धा नाही!

म्हणजे तळ्याच्या पलीकडून — चाळीस मिनिटं — तिला मी दिसत होतो. गुलाबी रंगासकट.

"आणि घसा?"

"थोडा बसला होता. उरलेला मी बसवला."

मी एवढंच विचारलं, की मी वचन मोडून भलतीकडेच निघून गेलो असतो, खरंच हरवलो असतो, तर?

तिनं चष्मा उजेडात धरून बघितला आणि माझ्या नाकावर बसवला.

"कसा हरवशील? नजर होती ना माझी."